टपावरचा उतारू

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि, खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. माहेर आमचं झाशीतल्या पुरोहितांचं. लोकांच्या घरची बाधा काढायला वडिलांना बोलावणं यायचं. ते जायचे, शांती करायचे, दक्षिणा घ्यायचे आणि घरी येऊन सांगायचे, "माळ्यावर उंदीर होते." अशा घरातल्या मुलीचा भुतांवर काय विश्वास बसणार!

पुढे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाले. खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा, हेच काम, त्यामुळे कान तयार. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सगळा कानांचाच प्रश्न आहे.

आमचे हे मूळचे साताऱ्याकडचे. तोफखान्यात ड्रायव्हर होते. झाशीजवळच्या बबीना छावणीत नेमणूक झाली आणि इकडचेच होऊन गेले. तोफांनी डावा कान पूर्ण नेला, उजवा अर्धा. कानात घालायचं मशीन आहे, पण ते बहुधा शर्टाच्या खिशात असतं... माझं बोलणं ऐकायचं नसलं की हमखास.

रिटायर झाल्यावर ह्यांनी भंगारात निघालेली एक बस विकत घेतली. आत पलंग, ओटा, पंखा बसवायचा आणि त्या चाकांवरच्या घरातून रमतगमत साताऱ्याला जायचं! मी कपाळाला हात लावला, आणि महिन्याभरात ह्यांच्यापेक्षा जास्त मीच त्यात गुंतले.

अडचण एकच होती. डॉक्टरांनी ह्यांचं लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. म्हणून घनश्यामजींना शोधून काढलं. याच बसवर ड्रायव्हर म्हणून त्यांनी वीस वर्षं चिरगाव–टहरौली फेऱ्या केलेल्या, तिचा खिळा न् खिळा ओळखीचा. पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "काम सब कर दैहैं साब, पर स्टेरिंग नईं छुएँगे." का, ते काही सांगेनात. गेली बारा वर्षं त्यांनी कुठलीच गाडी चालवली नव्हती. चहाच्या वेळी मात्र ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मला फार वाईट वाटायचं. ते तयार झाले नाहीत तर सातारा राहिलाच, पण त्यांना बघून वाटायचं, या माणसाचं काहीतरी मधेच अडकून पडलंय.

झाशीच्या ओरछा गेटबाहेर एका बंद वखारीत बस उभी होती. चैत्र सुरू झालेला, आणि बारा वाजता टपाचा पत्रा असा तापायचा की हात ठेववत नसे. म्हणून आधी छत करायचं ठरलं. आतला जुना पत्रा उतरवला, लोखंडी कमानींवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधल्या खणांत दोन इंची थर्माकोल कापून घट्ट बसवला, फटी फोमने भरल्या, त्यावर चांदीसारखा चकचकीत कागद आणि खालून पातळ प्लाय. हे सगळं डोक्यावर करायचं! प्लायला स्क्रू लागेपर्यंत मी डोक्यावर उशी घेऊन तो पेलून धरायची, आणि हे "अजून जरा डावीकडे" करत राहायचे.

पहिला थर्माकोल बसताना घनश्यामजी अडले होते. "छत की आवाज बंद न करो, बाईसाब. ऊपर की सवारी कैसें बताहै?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. बस भरली की लोक टपावर बसायचे. उतरायचं असलं की वरून पत्र्यावर एकदा हात मारायचा, म्हणजे थांबा. माणूस उतरला की दोनदा, म्हणजे चला.

"आता वर कोण बसणार आहे, भैया?" मी म्हटलं. ते पुढचा तुकडा कापायला लागले. हे त्या वेळी पलीकडे कटरवर होते, मशीन खिशात. यातलं अक्षरही ह्यांच्या कानावर गेलं नाही.

छत झाल्यावर मी शिडीने वर जाऊन हातोडीने ठोकून पाहिलं. आत बसलेल्या घनश्यामजींना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मग चालत्या गाडीत छत खडखडतं का, ते बघायला एका सकाळी निघालो. अंतर थोडं, म्हणून गाडी हे चालवत होते. चिरगावच्या पुढे टहरौलीचा रस्ता मीच सुचवला, रिकामा असतो म्हणून. घनश्यामजी आणि मी मागे बसून, बोलणं बंद ठेवून, नुसतं छताकडे कान लावून होतो. छत गप्प होतं.

दहा-एक वाजता ह्यांनी एकदम ब्रेक मारला.

"काय झालं?" मी ओरडले.

"तुम्हीच ठोकलंत ना वर? थांबलो."

आम्ही कुणीच ठोकलं नव्हतं. खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. थोडं पुढे एक मोहाचं झाड होतं. घनश्यामजींनी ते झाड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते खाली उतरले, मागच्या शिडीशी गेले. मी त्यांच्यामागे. शिडी चढून त्यांनी टप पाहिला. वर काहीच नव्हतं. खाली येऊन शिडी दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले, आणि मग बोलले.

बारा वर्षांपूर्वी, ज्येष्ठातली लग्नसराई होती. गाडी खच्चून भरलेली, उशीर झालेला, उतारू शिव्या घालत होते. टपावर एक म्हातारबाबा. "इतईं हाथ मारो तो उनने. हमने सुनी ती, बाईसाब. सुन के नईं रोकी." इथेच बाबांनी पत्र्यावर हात मारला होता, आणि ऐकूनही घनश्यामजींनी गाडी थांबवली नव्हती. चार कोस पुढे नेऊन त्यांना उतरवलं. ते भर उन्हात चालत मागे आले, या झाडाखाली टेकले आणि उठलेच नाहीत. घनश्यामजींना दोन दिवसांनी कळलं. त्या दिवसापासून गाडी चालवणं सुटलं.

इंजिन चालूच होतं. तेवढ्यात पुढून ह्यांचा वैतागलेला आवाज आला —

"आता दोनदा कशाला ठोकताय? कळलं! बसा लवकर, निघतो!"

आम्ही दोघं शिडीशी उभे. मला ठोका ऐकू आला नव्हता. घनश्यामजींनाही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो साठीचा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "उतर गए," एवढंच म्हणत होता.

मग पंच्याने तोंड पुसून ते पुढे गेले. "साब, तनक सरको."

आणि त्यांनी गाडी चालवली. पुढे साताऱ्यापर्यंत आणि परतही तेच घेऊन आले.

झाडावरून काही पडलं म्हणावं, तर बस झाडाच्या अलीकडे उभी होती, फांद्यांखाली नव्हती. ह्यांचे कान पुन्हा तपासून घेतले, होते तसेच आहेत. घनश्यामजींना स्पष्टीकरण नको आहे. मला हवं आहे, आणि आजतागायत मिळालेलं नाही.

परत आल्यावर एकदा वखारीत ह्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, आवाज आला की हॉर्न वाजवा म्हटलं, आणि टपावर चढून हात लाल होईपर्यंत पत्रा बडवला. हॉर्न काही वाजला नाही. धापा टाकत खाली आले, तर हे पेपर वाचत बसलेले.

मान वर करून म्हणाले, "अगं, कधी सुरू करणार आहेस?"