पाचापैकी पाच

सुनेनं एकांतात सांगितलेलं मी तिच्या सासूसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं.

कारण तात्त्विक होतं, हे आणखी वाईट. पीएच.डी.च्या पहिल्या प्रकरणात मी ऐटीत लिहिलं होतं, आकडा आणि कहाणी म्हणजे एकाच अंगणात उघडणाऱ्या दोन खिडक्या. कुठूनही बघा, दृश्य तेच. कुरुंद्याच्या या घरात ते दिसेना. 'घरातल्या निर्णयांत तुमचं किती चालतं?' या प्रश्नाला सर्वेक्षणात सुनेचं उत्तर पाचापैकी पाच. आणि पुढं शेताच्या बांधावर मुलाखतीत तीच सून म्हणाली, "माझ्या माहेरची शेळी इकली, मला इचारलं बी न्हाई." सत्य एकच, मग दोन्ही खरं कसं? मार्गदर्शक म्हणाले, लोकांकडे परत जा, पडताळून घ्या. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला असेल असा त्यांचा समज होता.

सासू-सून अंगणात हळकुंडं निवडत होत्या. मी मोबाइल काढून वाचू लागलो. शेळीपाशी आलो तसे सुनेचे हात थांबले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उशिराच.

"कोनाचं हाय हे?" सासूनं विचारलं.

"दुसऱ्या घरचं."

"माहेरची शेळी इकलेली दुसरी सून कोनती, ती बी सांगा मंग."

मी एसटी धरून हिंगोलीला जाणार. हिला इथंच राहायचं होतं.

"माझंच हाय, आत्याबाई," सून खाली बघूनच म्हणाली.

"मंग तवा फारम भरताना पाच कोन म्हणलं?"

"तुमीच म्हणलं. मी मान हलवली."

बरोबर. आणि मी तो पाच सुनेच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. आकडा खोटा नव्हता. सासू शेजारी असताना त्या घरात जे बोललं जातं, त्याचा तो होता. कहाणी बांधावरची. दोन्हीकडे मी एकच प्रश्न विचारला, असं फक्त मला वाटत होतं. विचार थोर होता, पण सुचायची वेळ ही नव्हती.

"शेळीचं दुखलं ते मला काहून न्हाई सांगितलं?" सासूनं तिला विचारलं.

"तुमी इचारलं का?"

सासूनं सुनेपुढचं सूप हळूच बाजूला सारलं.

"चहा ठेव. दोनच कप. आपल्याला बोलायचं हाय." मग माझ्याकडे न बघता, "सरांचं काम झालं. आग लावायची व्हती, लावली. आता जाऊ दे त्यायला."