सासूबाई, माझं नाक आणि दहा फूट पाणी

माझा उजवा कान उघडत नव्हता, म्हणून माझ्या सासूबाई रागावून गावी निघाल्या होत्या.

त्याचं असं झालं. मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी मासे बघायचे, असं आमच्या मंगलने ठरवलं. (आमच्यात ठरवते ती, बुडतो मी.) सरावासाठी सावेडीतल्या पोहण्याच्या तलावावर दर रविवारी स्कूबाचा वर्ग लावला. पहिल्याच दिवशी बाईसाहेब पाठीवर सिलिंडर घेऊन दहा फुटांवर जाऊन बसल्या. मी सहा फुटांवर पोचलो आणि कानात कुणी दाभण खुपसल्यासारखं झालं! हातपाय झाडत वर आलो.

"अहो, तुम्ही वीस वर्षं शाळेत हवेचा दाब शिकवताय ना?" मंगल म्हणाली. तेही प्रशिक्षकासमोर!

"सर, कानात आतून हवा जायला पाहिजे," प्रशिक्षक म्हणाला. "नाक दाबा, तोंड मिटा आणि नाकातून हळू फुंका. कान 'टप्' वाजला की झालं. घरी सराव करा."

त्याच संध्याकाळी श्रीगोंद्याकडून सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी गरम भाकरी आणि मेथीची भाजी माझ्यापुढे ठेवली. मला नेमका तेव्हाच सराव आठवला. नाक दाबलं, गाल फुगवले, डोळे वटारले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून भाजीचा वास घेतला.

सकाळी चहा आणला, तेव्हाही माझं नाक चिमटीत! तिसऱ्या दिवशी त्या दाराआडून माझ्यावर नजर ठेवू लागल्या. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "मंगे, खरं सांग, माज्या हाताला वास येतो का गं?"

मी धावत गेलो. "आई, तसं नाही! माझा कान दुखतो, म्हणून मी नाक दाबतो."

"व्हय? मंग उद्या पोट दुखलं तर गुडगं दाबाल!" सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. "माज्या डोळ्यांदेखत करून दाखवा, न्हाईतर म्या चालले यष्टीनं!"

रविवारी त्या पदर खोचून तलावाच्या काठावर बसल्या. जावयावर नव्हे, चोरावर पाळत ठेवावी तशा! मी सहा फूट गेलो, नाक दाबून जीव खाऊन फुंकलं. कान ठणकला. प्रशिक्षकाने मला वर आणलं.

"सर, तुम्ही दुखायची वाट बघता आणि मग टायर फुगवल्यासारखा जोर लावता! दुखायच्या आधी, फुटाफुटाला, हळूच फुंका. नाही उघडला तर थोडं वर या."

हळूच फुंकून काय होणार, असा मला दाट संशय होता. तरी पाय खाली करून उतरू लागलो; प्रशिक्षक पाठीमागे होताच. एक फूट, फुंक. दोन फूट, फुंक. पाचव्या फुटावर उजवा कान अडला. थोडा वर आलो, पुन्हा हळूच... टप्! दुखणं गायब! दहा फुटांखाली निळ्या फरशीवर मी मांडी घालून बसलो. इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

वर आलो तर सासूबाई चक्क हात जोडून उभ्या. "जावईबापू, चुकलं माजं. खरंच कानाचंच हुतं."

माझी छाती फुगली. मी ऐटीत अंग पुसायला वळलो. मागे सासूबाई मंगलच्या कानाशी लागल्या, "पन एकला न्हाई गेला गं. त्या मानसानं मानगूट धरून खाली नेला नि तसाच वर आनला. मांजरीनं पिल्लू न्यावं तसा!"

आणि ते मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं.