शेवंतीकाकीच्या पायाचा गुण

आमच्या वाडीत लाथ खायला लोक लांबून येतात आणि खाऊन झाली की हात जोडतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या वयाकडे बघून गप्प बसतो. पण खोटं नाही. शेवंतीकाकी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे घालून आलेली. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली चमक उतरते, हे आमच्याकडे कुणी सिद्ध करायला जात नाही. समुद्राच्या भरतीला कोण पुरावा मागतो?

काकी माझ्याहून लहान, पण सगळा गाव काकी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. तिची लाथही तशी नावालाच. माणसाला पडवीत पालथं झोपवायचं, उजव्या पायाची टाच दुखऱ्या जागी टेकवायची आणि हलकेच खाली ओढायची. ओढताना मात्र ती खबरबात काढते. सुनेशी पटतं का, चिरंजीवाच्या लग्नाचं कुठवर आलं! माझा अंदाज असा, की निम्मी चमक तोंडावाटेच बाहेर पडत असावी. पैसे ती घेत नाही. कुणी बांगडे देतो, कुणी कोकमाची सोलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. पण पडवी म्हणून कधी रिकामी नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर हरिश्चंद्र आला. हा एसटीतला निवृत्त कंडक्टर. देह असा, की गाडीत तो पुढे निघाला की उतारू आपोआप मागे सरकत. तो पालथा पडला, काकीने टाच टेकवली, आणि तेव्हा कळलं की या महापुरुषाला गुदगुल्या होतात. तो "अगो आवशी!" करून कुशीवर वळला. काकीचा पाय त्याच्या पोटाखाली मुरगळला आणि काकी खाली बसली.

हरिश्चंद्र उठून ताठ उभा. "काकी, गेली गो माझी चमक!"

"गेली खंय, मेल्या? माझ्या घोट्यात इली!"

संध्याकाळपर्यंत तिची ही थट्टा गावभर बातमी होऊन फिरली. पायाळूचाच पाय मुरगळला, म्हणजे गुण संपला! (ही बातमी मी पसरवली नाही. मी फक्त ऐकली, चार ठिकाणी.) आणि मग सुरू झाली माणसांची रीघ. ज्याची ज्याची कंबर तिने सरळ केली होती तो तो वाटीभर तेल घेऊन हजर. कुणाचं खोबरेल, कुणाचं तिळाचं, कुणाचं कसल्या पाल्यात कढवलेलं. आणि नुसतं देऊन कोण जातो? प्रत्येकाने उपकार आठवून आठवून घोटा चोळला. दुसऱ्या दिवशी घोटा सुजून त्याचा नीरफणस झाला होता.

काकीला दुखण्याचं एवढं नव्हतं. शेजारच्या घरात तिची थोरली जाऊ जानकी राहते, तिला ती हळूच म्हणाली, "वैनी, पाय काय, बरो होतलो. पण गुण ऱ्हवतलो काय गो? गुण नाय तर लोक कित्याक येतले माझ्याकडे?"

जानकीवैनी म्हणजे करारी बाई. अख्ख्या वाडीने काकीची लाथ खाल्ली, हिने नाही. "धाकट्या जावेची लाथ खाऊ? तेच्यापेक्षा वाकडी मरान," असं ती उघड म्हणायची. पण त्या दिवशी तिने नुसतं पदराने जावेचं तोंड पुसलं आणि हरिश्चंद्राला रिक्षा आणायला पिटाळलं.

मालवणच्या डॉक्टरांनी फोटो काढून हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि पुढे पूजाकडे धाडलं. ही आमच्याच गावची, फिजिओथेरपी शिकून बाजारामागे दवाखाना थाटलेली. तिने रबरासारखी ताणणारी चिकट पट्टी काढली, घोट्याला लावली. पट्टी मासोळीसारखी सुळकन सुटली. दुसरी लावली, तीही सुटली.

"काकी, पायाक तेल किती लावलास?"

"मी नाय गो बाय. गावान लावल्यान."

पूजा हसत सुटली. मग तिने साबणाने पाय धुतला, तेल निघेना म्हणून पुन्हा धुतला, कोरडा केला. पाऊल काटकोनात धरायला लावलं. घोट्याच्या आतल्या अंगाला पट्टी चिकटवली, टाचेखालून घेतली आणि बाहेरच्या अंगाने ताणून वर ओढली. तीवर तशीच आणखी एक. मग पावलावरून, घोट्यामागून तिरके वेढे. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि लाली परत येते का ते पाहिलं.

"बोटां निळी पडली नायतर मुंग्ये इले तर लगेच सोडा. पाय उशेवर ठेवा. सूज उतरली काय पट्टी लावन उभ्या ऱ्हवा, चला, पण पाय पिळूचो नाय. आणि चोळूचो तर अजिबात नाय. तेल घेवन कोण इलो तर तेका बेड्याकडेच अडवा."

बेड्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, जानकीवैनी उभी राहिली. "तेल ठेवा आणि जावा," एवढंच बोलायची. जावेचं पाणी, भाकरी, अंगण सगळं तिनेच ओढलं. सूज उतरली, काकी पट्टीच्या आधाराने घरात चालू लागली. माणसं येत, पायाकडे बघत, हळहळत, पण पडवीत पालथं कुणी पडेना. एकजण तर कमरेतली चमक कुडाळला नेऊन इंजेक्शन टोचून घेऊन आला. ते कळल्यावर काकीने पडवीतली चटई गुंडाळून खुंटीला टांगली.

अशात देवगडहून तिची मावशी आली. सत्यवतीमावशी, वय नव्वदीला टेकलेलं, जीभ विशीतली. हरिश्चंद्र रोजच्यासारखा अपराधी चेहऱ्याने बसलाच होता. मावशीने पट्टीकडे बघितलं.

"ह्यां काय?"

"गुणाचो पाय मोडलो गो मावशी," काकी म्हणाली.

"कसलो गुणाचो? तू इलंस तेव्हा मी तुझ्या आवशीच्या उशाकडे होतंय. डावो पाय आधी इलो. ह्यो उजवो आत अडकान बसलो होतो. सुईणीक घाम फोडल्यान ह्या पायान!"

इतकी वर्षं गावाने लाथ खाल्ली ती भलत्याच पायाची! हरिश्चंद्राचा चेहरा पडला. "मगे माझी चमक कोणी घालवल्यान?"

"तुझो तू वळलंस म्हणान गेली, मेल्या. त्या पायाक कित्याक विचारतंस?" जानकीवैनीने दारातून सुनावलं.

काकी पट्टीकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू उसळलं. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली.

"म्हणजे खरो पाय अजून वापराकच नाय! कोरो आसा!"

तेवढ्यात दाराला टेकून उभ्या असलेल्या जानकीवैनीने खुंटीवरची चटई घेतली, पडवीत टाकली आणि कण्हत पालथी पडली.

"बघतंस काय? कोऱ्या पायाची भवानी माझ्यापासना होवंदे."

"वैनी, तू?"

"तुझ्याच पाण्याच्या कळशेन कंबार धरली. चार दिस सोसलंय. आता घाल गपचूप."

काकी उठली. एका हाताने खांब धरला, सगळा भार पट्टी बांधलेल्या उजव्या पायावर दिला. घोटा हलला नाही. पण तिने डावा पाय लगेच उचलला नाही. आधी वाकून जानकीवैनीच्या पावलांना हात लावला, तो कपाळाला नेला.

"आधी पायां पडता, मगे लाथ घालता," मावशी म्हणाली. "जाव असावी तर अशी."

टाच टेकली, हलकेच खाली आली. जानकीवैनीने तोंड चटईत खुपसलं.

"बरां वाटता," ती तिथूनच पुटपुटली. "गावात सांगू नको पण."

मी तुळशीजवळ बसलो होतो, हे तिच्या ध्यानात आलं नसावं. मी दोघांनाच सांगितलं.

सकाळी पडवीबाहेर चपलांची दाटी. आत काकी खुर्चीत, पट्टीचा पाय उशीवर, चेहरा गौरीसारखा.

"एकेक येवा रे," ती म्हणत होती. "डावो पाय एकच आसा."