कोरं सोडलेलं पाणी

चीनमधून आलेले लिऊकाका अंबरनाथला आमच्या चाळीत शाईची चित्रं काढत. त्यांच्या रीतीत पाणी रंगवत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात. खाडीकडे जाणारी आमची नदी त्यांनी वीस वर्षं तशीच कोरी काढली.

मग रंगाच्या एका कारखान्याने तिची पार वाट लावली. आणि हद्द म्हणजे, अठ्ठ्याऐंशी सालच्या कॅलेंडरसाठी त्याच कारखान्याच्या साहेबांना तिचंच चित्र हवं होतं! काकांनी काढून दिलं. पाणी लालेलाल.

साहेब खेकसले, "तुमच्यात पाणी कोरं ठेवतात ना? मग हा रंग कशाला घातलात?"

"मी कुठे घातला?" काका ताडकन म्हणाले. "मी ब्रश नुसता नदीत बुडवला."