लाल चिमटा डाव्या हाताला

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, तो गेला. मुलीला सांगितली नाही – तिच्या पोटात काही राहत नाही, मी अमरावतीत शिंकले की तासाभरात अकोल्याहून तिच्या सासूचा फोन येतो, "सर्दी झाली काय, बाई?" मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

तेव्हा मी एका खासगी दवाखान्यात नर्सेसना ईसीजी वाचायला शिकवायची. कडक इस्त्रीची साडी, नाकाच्या टोकावर चष्मा. डॉक्टरांशी बोलताना आवाजात साखर, मुलींशी बोलताना मिरची. काय तो तोरा! आज ती बाई दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

महिनाभराचं प्रशिक्षण असायचं. शेवटी ज्या मुलीच्या कागदावर मी 'योग्य' लिहीन, ती आयसीयूत मॉनिटरपुढे बसायची. बाकीच्या जनरल वॉर्डात.

एका दुपारी दहा मुलींसमोर मी स्वतः एका म्हाताऱ्या फुलवाल्याचा ईसीजी काढला. त्याला थंडी वाजत होती, म्हणून छातीवर वाट्या आणि हातांना चिमटे लावून वर चादर ओढली. कागद बाहेर आला आणि बाई, म्हणजे मीच, हरखल्या – पहिल्या लीडमधल्या, म्हणजे दोन हातांच्या चिमट्यांमधून येणाऱ्या, लाटा चक्क उलट्या! "पाहून घ्या," मी म्हटलं, "बाबांचं हृदय उजवीकडे आहे. पुन्हा जन्मात दिसायचं नाही."

म्हाताऱ्यानं उजव्या छातीवरून हात फिरवला. "माह्यं समदंच उलटं हाय, हे बायको कवाची म्हणून रायली!"

सगळ्या हसल्या. सुनंदा तेवढी नाही. नांदगाव खंडेश्वरकडची, काटकुळी पोरगी. ती कागदच निरखत होती.

"पण मॅडम, छातीवरच्या वाट्यांच्या लाटा त बराबर हायेत. हृदय उजवीकडं असतं त त्या पुढं पुढं लहान झाल्या असत्या ना? हाताचे चिमटे त नाई बदलले?"

मी चादरीचं टोक उचललं. लाल चिमटा डाव्या हाताला, पिवळा उजव्या. लाल उजवीकडे – पहिल्या दिवशी मीच घोकून घेतलेलं!

एक शब्द पुरला असता. 'चुकलं.' काय झालं असतं? मुली हसल्या असत्या, फार तर. पण ती बाई चुकेल कशी? तिनं चादरीखालीच भराभर चिमटे काढले आणि वर तोंड करून विचारलं, "काहून गं, आता तू मले शिकवशील?" नऊ माना खाली गेल्या. सुनंदाची नाही गेली.

मुली गेल्यावर मी गुपचूप दुसरा ईसीजी काढला – सरळ, बरोबर – आणि तोच डॉक्टरांकडे पाठवला. म्हाताऱ्याला मात्र काही सांगितलं नाही. पहिला कागद जपून ठेवला. पुढे कित्येक मुलींना 'उजवीकडचं हृदय' म्हणून दाखवला. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही.

आणि सुनंदाच्या कागदावर काय लिहिलं? 'निरीक्षण कच्चे. मॉनिटरसाठी अयोग्य.' निरीक्षण कच्चं – तिचं!

चार दिवसांनी ती वडिलांना घेऊन आली. भाजीचा मळा करणारा माणूस. चपला दाराबाहेर काढून आत आला, हातात वांग्यांची पिशवी. "पोरगी वावगं बोलली असन त माफ करा, मॅडम. तिले तिथंच काम कराचं हाय. घरीबी तेच कागद घेऊन बसते."

म्हणजे तिनं बापाला खरं सांगितलंच नव्हतं. का? सांगितलं असतं तर मी बापासमोर तिलाच खोटी पाडली असती – हे तिला कळत होतं. ती भिंतीशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. एखादा कागद वाचावा तशी.

मी पिशवी घेतली. "पाहते," म्हटलं.

पाहिलं नाही. सुनंदा जनरल वॉर्डात गेली. काही वर्षं तिथं चादरी बदलल्या, मग अकोल्याला गेली म्हणतात. मी चौकशी केली नाही.

वांगी कोवळी होती, आत बी नव्हतं. त्याच संध्याकाळी भाजून भरीत केलं. मी दोनदा वाढून घेतलं.