दारावरचे गोणीचे बैल

“पेंटर, हा कागद माझ्यासमोर जाळ,” मालक म्हणाले.

माझ्या हातात खाका होता. खाका म्हणजे चित्राच्या रेघांवर सुईने भोकं पाडलेला कागद. तो भिंतीला धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, की भिंतीवर ठिपके उमटतात. ठिपके जोडले की चित्र. लग्नघरी दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढायची आमच्याकडची रीत. माझा हत्ती मला आखाडा बाळापूरच्या एका पेंटरने दिलेला, त्याला आणखी कुणी. मागितलेल्या खाक्याला नाही म्हणायचं नाही, हा आमच्या धंद्यातला कायदा. कागद झिजतो, भोकं फाटतात. मग दुसऱ्याकडून उतरवून घ्यायचा.

साखरा गावच्या या जमीनदार मालकांना मात्र हत्ती नको होते. “हत्ती काय, कुणाच्याबी दारावर हायेत. माह्या पोराच्या लग्नात अशी डिझाइन पाहिजे, की दुसऱ्याकडं न्हाई.”

खरं सांगतो, मलाही खुमखुमी होतीच. शेजारच्या लमाणांच्या तांड्यावर थावरूबाबा नाईक होते. तरुणपणी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा कशी, गोणीचा दोर पोटाखालून कसा घ्यायचा, सगळं त्यांनी सांगितलं. दोर चुकला की पुसायला लावायचे. अशा गोणी लादलेल्या बैलांच्या रांगेचा नवा खाका मी केला आणि मालकांच्या दारावर ती रांग काढली. जन्मात पहिल्यांदा चित्र माझं होतं. माझं आणि थावरूबाबांचं.

लोक लांबून बघायला येऊ लागले. दुसरे पेंटर खाका मागू लागले. म्हणून मालकांना तो जाळायचा होता. मी हात जोडले. त्यांनी कागद ओढून घेतला आणि चुलीत घातला.

“आता कुणाकडं काढलास तर बघ.”

बळी तो कान पिळी. त्यात निजामाचं राज्य, दाद कुणाकडे मागणार?

थोड्याच दिवसांनी थावरूबाबा आले. “नातीचं लगीन हाय. आपले बैल काढ बरं दारावर.”

“बाबा, मालकानं मनाई केली हाय.”

“काहून? बैल आमचे, दोर आमचे. त्याच्या बापानं कवा गोणी लादली?”

पण तांडा मालकांच्याच जमिनीवर होता. त्यांनी मनात आणलं असतं तर घर उठवलं असतं. हे बाबांनाही कळत होतं.

“मंग हत्तीच काढ,” ते म्हणाले.

मी काढले. लाज वाटत होती, संतापही येत होता. दोन्ही गिळून काम केलं.

पुढे निजामाचं राज्य गेलं. त्याच पावसाळ्यात मालकांची मातीची भिंत बसली. नवी भिंत घातल्यावर त्यांनी मला बोलावलं. आवाज उतरला होता.

“पेंटर, धाकट्याचं लगीन हाय. तेच बैल काढा.”

“खाका तुमीच जाळला, मालक.”

“आठवून काढा ना.”

आठवून काढले. बैल उभे राहिले, पण पाठीवरच्या गोण्या घसरल्यासारख्या दिसत होत्या. दोर कुठेतरी चुकत होता, आणि विचारायला थावरूबाबा राहिले नव्हते.

मालकांनी एका गोणीवर बोट ठेवलं. “हे ते न्हाई,” म्हणाले.

मी बैलांवर चुन्याचा हात मारला आणि हत्तीचा खाका काढला.

ते हत्ती पहिल्यांदा कुणी काढले, कुणाला ठाऊक नाही. अजून गावोगाव दारांवर उभे आहेत. दुसऱ्याकडं नसावं, एवढंच मालकांचं म्हणणं होतं. आता ते बैल कुणाकडंच नाहीत.