बिबड्यांवरची राख

भुसावळच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहतात. कुठल्या मोसमात कारखान्यांचा धूर कुठवर पसरेल, याचं गणित त्या कॉम्प्युटरवर मांडतात. चहात साखर किती विचारलं तरी म्हणतात, ‘‘एक चमचा. अंदाज आहे हं.’’ त्या ‘हं’चा मला आधी वैताग यायचा.

फाल्गुनात त्यांनी ‘‘आज हवा साफ’’ सांगितलं, म्हणून आईने गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखे पातळ, वाळत घातले. दुपारी वारा फिरला आणि त्यांवर राख बसली. बाई मान खाली घालून एकेक बिबडा पुसत बसल्या.

‘‘ऱ्हाऊ दे वं माय,’’ आई म्हणाली, ‘‘वाऱ्याले काय कम्प्युटर समजते?’’

आता हवा साफ असल्याचं सांगायला येताना बाई स्वतःची जुनी सुती साडी घेऊन येतात. ‘‘अंदाज आहे हं,’’ म्हणत आईचे बिबडे झाकतात.